चिमाबाईचा कोरा वाफा

चिमाबाईचं एक होतं. बघायला येणाऱ्या माणसाला वाईट काही दाखवायचं नाही. तो कोण आहे, कशाला आलाय, याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. सोयरा येवो, मास्तर येवो, तलाठी येवो, त्याच्या नजरेला सगळं कसं लख्ख पडलं पाहिजे. एकदा बाई तापाने फणफणलेली, उठून बसायची ताकद नाही. बाळाराम, तिचा नवरा, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरच्या हातापाया पडून त्याला घरी घेऊन आला. डॉक्टरची फटफटी नाक्यावर वाजली मात्र, ही उठली, अंगण झाडलं, तोंड धुतलं, वेणी घातली, बाजाराचं लुगडं नेसली आणि चुलीवर चहा टाकून हसत दारात उभी राहिली. डॉक्टर आला तो सरळ ओट्यावर बसलेल्या बाळारामकडे गेला आणि त्याची नाडी धरून विचारता झाला, "यांना कधीपासून बरं नाही?" आता बोला! त्या दिवशी सुई कोणाला टोचली यावर गावात अजून दोन मतं आहेत. चिमाबाई मात्र डॉक्टरने चहाचं कौतुक केलं तेवढंच सांगते.

मुरबाडहून धसईला जाणाऱ्या रस्त्याला लागूनच तिचा मळा. पावसाळ्यात भात, भात निघालं की वांगी. धसईच्या बाजाराला जाणारी एस.टी. मळ्यावरून जायची आणि खिडकीतला एकूण एक माणूस आपल्याच मळ्याकडे बघतो, असं तिचं ठाम मत होतं. ही जमीन तिच्या सासऱ्याने कचेरीच्या पायऱ्या झिजवून कुळकायद्यात नावावर करून घेतलेली. तेव्हा गावातले चारजण म्हणाले होते, बघू आता ह्यांच्याच्यानं शेती होते का. ते चौघेही केव्हाच वारले, पण चिमाबाई त्यांना अजून शेती करून दाखवत होती.

बाळाराम पंपवाला. म्हणजे पाठीवर फवारणीचा पंप घेऊन आसपासच्या गावांतल्या वांग्या-भेंड्यांवर औषध मारायचं हा त्याचा धंदा. आठवड्याला एक फवारा ठरलेला, कारण आठ दिवसांत औषध उन्हात उडून जायचं आणि अळी पुन्हा हजर. तोंडाला टॉवेल गुंडाळला की झाली सगळी काळजी. अशी कितीतरी वर्षं काढल्यावर त्याच्या डोळ्यांतून सारखं पाणी यायला लागलं, छाती भरायला लागली, आणि हात असे थरथरायला लागले की कपबशी खडखडते म्हणून चिमाबाई त्याला पेल्यातून चहा द्यायची. पंप सोडा म्हटलं की म्हणायचा, "सोडतो. मग खायचं काय? माती?" यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून ती भांडी आपटायची.

उत्तर होतं ते सतीशकडे. सतीश त्यांचा एकुलता एक. शेतकीचा डिप्लोमा केलेला. मुंबईतल्या एका संशोधन संस्थेने शहापूरला लहानसं केंद्र काढलं होतं, तिथं तो नोकरीला लागला. आठवडाभर तिथंच खोली घेऊन राहायचा आणि शनिवारी संध्याकाळी किन्हवलीवरून एस.टी.ने घरी यायचा. चांगलं होतं की सगळं. फक्त नोकरी टेंपररी होती. ह्या टेंपररीने चिमाबाईचा जीव नकोसा केला होता. मुलीवाले यायचे, चहा प्यायचे, पोरगा बघून खूश व्हायचे, आणि उठता उठता विचारायचे, "पोरगं परमनंट हाय ना?" खर्डीची एक मुलगी होती, पल्लवी, बारावी झालेली, चिमाबाईला मनापासून आवडलेली. तिचा बाप पण हाच प्रश्न विचारून गेला. नाही म्हणाला नाही, म्हणाला, "झाला की कळवा." चिमाबाईने त्या दिवशी रात्रीचं जेवण केलं नाही.

तर अशा वेळी, गावात फोनचा पहिला पीसीओ आला त्या वर्षी, सतीशचे साहेब जीपमधून मळ्यावर आले. डॉ. सबनीस. उंच, सडसडीत, डोक्यावर पांढरी टोपी, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता झाडाच्या शेंड्याकडे बघायची सवय. त्यांनी एक औषध बनवलं होतं. आयुष्याची उमेदीची वर्षं त्यात घातली होती. कडुलिंबाचा अर्क म्हणे अळीला चांगला, पण उन्हाला टिकत नाही. म्हणून साहेबांनी त्या अर्काचे बारीक बारीक थेंब करून प्रत्येक थेंबाभोवती डिंकाचं आणि मक्याच्या पिठाचं कवच चढवलं होतं. डोळ्याला दिसणार नाही इतकं बारीक. पाण्यात कालवून मारलं की पानाला चिकटून बसतं आणि आतलं औषध दिवसेंदिवस थोडं थोडं झिरपत राहतं. एकदा मारलं की महिना-दीड महिना पंपाला हात लावायला नको. वर सगळं झाडापाल्याचं, जहर नाही.

"म्हणजे औषधाला अंगडं घातलंय म्हणा की," चिमाबाई म्हणाली.

साहेब पहिल्यांदाच शेंड्यावरून नजर काढून तिच्याकडे बघून हसले. "अगदी बरोबर, मावशी. अंगडं." त्या दिवसापासून त्या औषधाचं नाव गावात अंगड्याचं औषध असं पडलं. डब्यावरचं लांबलचक नाव कोणी वाचलं नाही.

साहेबांना प्रयोगाला रस्त्याजवळची, पाण्याची जमीन पाहिजे होती. सतीशने घरचा मळा सुचवला. आणि साहेबांनी जीपमध्ये बसताना सगळ्यांसमोर सांगितलं, की हा प्रयोग नीट झाला तर काम वाढेल, आणि काम वाढलं तर सतीशला कायम करून टाकू. चिमाबाईने मळाच काय, घराची कौलंसुद्धा काढून दिली असती.

तीन वाफे आखले. एकसारखी जमीन, एकसारखी रोपं. पहिला पंपाचा वाफा, तिथं बाळारामने दर आठवड्याला नेहमीचं औषध मारायचं. दुसरा अंगड्याचा. आणि तिसरा, रस्त्याला अगदी खेटून असलेला, कोरा. सतीशने आईला बांधावर उभं करून बजावलं, "आये, ह्या तिसऱ्याला काय करायचं नाय. पाणी द्यायचं, बाकी औषध-बिवषध काय मारायचं नाय. साहेबांची तशी ऑर्डर हाय."

"नाय मारणार रे बाबा," ती म्हणाली. आणि तिने शब्द पाळला. औषध तिने मारलंच नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्यात तिच्या प्रामाणिकपणाला कोणी नावं ठेवू नयेत.

अंगड्याचं औषध मारायचं काम बाळारामवर आलं तेव्हा तो कुरकुरला. एकतर ह्या औषधाने त्याचा धंदाच बसणार होता. दुसरं म्हणजे, "वास नाय, झोंबत नाय, ते कसलं औषध? देवळातलं तीर्थ हाय काय?" पण मारून आला, आणि पंप उतरवून ओट्यावर बसला. चिमाबाई पेल्यात चहा घेऊन आली. जवळ जाऊन बघते तर हा आपला डोळे पुसून पुसून बघतोय.

"काय झालं?"

"पाणी नाय आलं गो," बाळाराम म्हणाला. "डोळ्यांत पाणीच नाय आलं."

त्यानंतर त्याने धंदा बसण्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. उलट धसईच्या बाजारात बसून लोकांना सांगायला लागला की पुढच्या वर्षी हे औषध सगळ्यांना मिळणार आहे, पंप आता भंगारात.

रोपं लागली, वाढली, फुलावर आली. आणि मग आली अळी. वांग्याची अळी मोठी चोरटी. आधी कोवळ्या शेंड्यात शिरते, शेंडा मान टाकतो, मग फळ धरलं की फळात जाऊन बसते. अंगड्याच्या वाफ्यात शेंडे ताठ. पंपाच्या वाफ्यात एखाददुसरा वाकलेला. आणि कोऱ्या वाफ्यात? बघवत नव्हतं. जिकडे तिकडे शेंडे माना टाकून लोंबत होते. आणि हा वाफा नेमका रस्त्याला!

शेजारच्या मळ्यातली धोंडीबाई एक दिवस बाजाराला जाताना मुद्दाम थांबली. वाकून वाकून बघितलं आणि म्हणाली, "गो चिमे, नवरा तुजा सगळ्या गावाला औषध मारतो, आणि घरच्या मळ्याला काय झालं?"

चिमाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सतीशने सांगितलेलं कारण ती सांगायला गेली, पण "हा वाफा साहेबाने असाच ठेवायला सांगितलाय" हे बोलताना तिचं तिलाच पटेना. कोण शहाणा माणूस पीक मुद्दाम किडायला ठेवतो? तीन लेकरं एका पंगतीला बसवायची, दोघांना वाढायचं आणि तिसऱ्याचं पान कोरं ठेवायचं? आणि शिवाय, साहेब वीस दिवसांनी बघायला येणार होते. मळा कोणाचा? सतीशच्या घरचा. काम कोणाच्या हाताखाली? सतीशच्या. साहेब जीपमधून उतरणार आणि पहिल्यांदा त्यांना दिसणार ही माना टाकलेली वांगी. असल्या पोराला कोण परमनंट करणार? शाळा तपासायला साहेब यायचे तेव्हा मास्तर ढ पोरांना घरी बसवायचे ते काय उगाच?

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत ती कोऱ्या वाफ्यात शिरली. औषध मारायचं नाही ना? नाही मारणार. हात लावू नको असं कोणी म्हटलं होतं? एकेक झाड धरलं, मान टाकलेला शेंडा नखाने खुडला, आत अळी आहे की नाही ते बघितलं, आणि ओटीत टाकला. घरी आल्यावर ओटी कोंबड्यांपुढे रिकामी केली. मग हे रोजचंच झालं. आठवड्याभरात कोंबड्यांनी घरी वाट बघायचं सोडून दिलं. चिमाबाई निघाली की तिच्या मागोमाग सगळी वरात मळ्यात, आणि ती खुडून टाकेल ते जागच्या जागी फस्त. अंडी अशी द्यायला लागल्या की बाळाराम म्हणाला, "ह्यांना पण साहेबाने काय टोचलं की काय?"

वांग्याचा शेंडा खुडला की झाडाला बगलेतून नव्या फांद्या फुटतात. त्यामुळे कोरा वाफा नुसता सुधारला नाही, तर झुडपासारखा दाट झाला. बाजाराला जाणारे लोक थांबून बघायला लागले. धोंडीबाई आता पलीकडच्या कडेने जायला लागली. चिमाबाईचा जीव भांड्यात पडला.

साहेब आले. अंगड्याच्या वाफ्यावर खूश झाले. पंपाच्या वाफ्यात मान हलवली. कोऱ्या वाफ्यापाशी थांबले ते थांबलेच. चिमाबाई पदर सावरून बाजूला उभी, शाबासकीची वाट बघत. साहेब शेंड्याकडे बघत पुटपुटले, "इथं काहीच कशी कीड नाही?" तिला वाटलं, साहेब चकित झाले. झालेच होते म्हणा. दुपारी त्यांना तिने अंड्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. साहेबांनी दोनदा वाढून घेतलं आणि अंड्यांचं कौतुक केलं. ज्या अळीचा पत्ता त्यांना दिवसभर लागत नव्हता, ती एका अर्थाने त्यांच्या ताटात होती. पण ते त्यांना कोण सांगणार?

असा महिना गेला, दुसरा गेला. साहेब दर वेळी कोऱ्या वाफ्यात जास्त वेळ घालवून परत जायचे. सतीश घरी यायचा तो तोंड पाडून. एका शनिवारी तो जेवायलाच बसेना.

"काय झालं रे?" चिमाबाईने विचारलं.

"कोरा वाफा लय चांगला आला, आये."

"मग? बरंच हाय की!"

"तो वाईट यायला पायजे होता."

चिमाबाईला वाटलं पोराच्या डोक्यावर परिणाम झाला. सतीशने कपाळाला हात लावला आणि समजावून सांगितलं. "आये, समज दोन पोरांना लस टोचली आणि तिसऱ्याला नाय टोचली. साथ आली. तिघंबी धडधाकट राहिली. मग लोक काय म्हणतील? लशीची गरजच काय? ह्या कोऱ्या वाफ्याला काय न करता अळी लागली नाय, तर अंगड्याच्या औषधाने काय केलं, हे साहेब वर दाखवणार कसं? पैसे देणारे म्हणतील, बंद करा. काम बंद, मी पण घरी."

चिमाबाईच्या हातातला डाव तसाच राहिला. सगळं तिच्या डोक्यात उतरलं आणि उतरता उतरता तिला भाजत गेलं. काय करायचं नाही हे सांगितलंस रे, का करायचं नाही ते तेव्हाच सांगितलं असतंस तर! पण हे तोंडातून काढलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. पोराच्या पुढ्यात ताट सरकवलं आणि आत जाऊन रडली.

रडून झाल्यावर तिने उपाय काढला. शेवटच्या पाहणीला थोडे दिवस होते. बिघडवणं काय, घडवण्यापेक्षा सोपंच! ती धोंडीबाईकडे गेली आणि टोपलीभर किडकी वांगी मागितली.

"किडकी? कशाला गो?" धोंडीबाईने विचारलं.

"कालवणाला," चिमाबाई म्हणाली. दुसरं काही सुचलंच नाही.

रस्त्याकडेला फुलासारखी वांगी लावलेली बाई शेजारणीकडे किडकी वांगी मागते, हे ऐकून धोंडीबाईने तोंडात बोटं घातली. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावात झालं होतं की चिमाबाईला काहीतरी बाधलंय. झालं तर झालं. पहाटे ती टोपली घेऊन कोऱ्या वाफ्यात गेली, वांगी फोडली, एकेक अळी वेचून शेंड्यावर ठेवत गेली, देवाची फुलं वाहावीत तशी. "खा गो बायांनो, खा," असं म्हणत होती. अळ्यांनी काही खाल्लं नाही. खाल्लं ते कोंबड्यांनी. दोन-अडीच महिने त्या वाफ्यात पंगत उठत होती, त्या काय आता घरी बसणार होत्या? चिमाबाई एका ओळीत अळ्या ठेवायची आणि मागच्या ओळीत कोंबड्या त्या टिपायच्या. हाकलल्या तर उडून पुढे जाऊन बसायच्या. घरी कोंडल्या तर इतक्या ओरडल्या की बाळारामने दार उघडून दिलं, आणि त्या धावत परत मळ्यात. शेवटी चिमाबाईने हात टेकले आणि बांधावर बसून राहिली.

शेवटच्या पाहणीला साहेब आले, सतीश होता, बाळारामही धुतलेला सदरा घालून आला होता. साहेबांनी तिन्ही वाफे एकेक झाड करून बघितले. मग टोपी काढून बांधावर बसले. चांगला माणूस होता तो, आणि मनाविरुद्ध असलं तरी खरं तेच लिहायची त्याला सवय होती. "अंगड्याचं औषध चाललं असेल," ते म्हणाले, "पण चाललं असं मी म्हणू शकत नाही. काहीच न केलेला वाफा जर त्याच्याइतका चांगला असेल, तर मी कुठल्या तोंडाने म्हणू?" बाळारामला अर्थ कळायला वेळ लागला. कळला तेव्हा तो थरथरते हात मांडीखाली दाबून बसला.

आणि मग साहेबांची नजर पुन्हा कोऱ्या वाफ्यावर गेली. बघता बघता त्यांचे डोळे चमकायला लागले. शास्त्रज्ञ माणूस, रिकामा किती वेळ बसणार? "पण सतीश, ही जमीन काय आहे? मातीतच काहीतरी असलं पाहिजे. किंवा इथं अळी खाणारं काहीतरी नैसर्गिक असणार. हा वाफा अभ्यासायला पाहिजे. वर्षानुवर्षं. यावर मी नवं काम मागतो, आणि ते इथं सांभाळायला तुला कायम करून घेतो." मग एकदम थांबून त्यांनी विचारलं, "मात्र एक सांग. अगदी खरं. या वाफ्याला कोणी काही केलं नाही ना?"

सतीश वाफ्याकडे बघत होता. कोंबड्या ओळीने झाडांखाली उभ्या होत्या आणि सगळ्यांच्या माना चिमाबाईकडे वळलेल्या होत्या. सतीशने कोंबड्यांकडे बघितलं. मग आईकडे. शेतकीचा डिप्लोमा झालेला पोरगा होता तो, त्याला सगळं एका क्षणात कळलं, आणि कळलेलं चिमाबाईलाही त्याच्या तोंडावर दिसलं. तिच्या जिभेवर शब्द आले होते. साहेब, माझ्या हातून चूक झाली, औषध चांगलं आहे, ते बंद करू नका. तिने तोंड उघडलंही.

"नाय सर," सतीश म्हणाला. "कोणी काय केलं नाय."

चिमाबाईने तोंड मिटलं.

सतीश परमनंट झाला. गावात पेढे वाटले. खर्डीला निरोप गेला आणि पल्लवीचा बाप दुसऱ्याच दिवशी आला. पुढच्या उन्हाळ्यात विहारासमोरच्या मांडवात लग्न लागलं. नवरानवरीने बुद्धाच्या मूर्तीपुढे हात जोडले, सगळा मांडव पंचशील म्हणायला लागला. चिमाबाईचा आवाज एरवी सगळ्यांच्या वर असायचा. खोटं बोलणार नाही असं जे चौथं शील, तिथं तो बंद पडला. लोकांना वाटलं, आईच आहे, गहिवरली. तिला त्या वेळी आपलीच लाज वाटत होती आणि पोराकडे बघून आनंदही आवरत नव्हता.

कोऱ्या वाफ्याला संस्थेने तारेचं कुंपण घातलं. अंगड्याच्या औषधाचे उरलेले डबे शहापूरच्या केंद्रातून मुंबईला परत गेले. साहेब मातीचे नमुने पिशव्यांत भरभरून नेऊ लागले. आणि भात निघून वांगी लावायची वेळ आली, तेव्हा एका शनिवारी सतीश जेवता जेवता, ताटातून नजर न काढता म्हणाला, "आये, सोमवारपासून पहाटे जरा लवकर ऊठ. आणि कोंबड्या नको नेऊ."

तिने मान हलवली. त्या रात्री तिला पोराचा राग आला, आयुष्यात पहिल्यांदा आला असेल. मग तिला आठवलं की सुरुवात कोणी केली होती, आणि तो राग ठेवायला जागा उरली नाही.

बाळाराम दर हंगामाला सतीशला विचारायचा, "काय रे, त्या अंगड्याच्या औषधाचं काय झालं?" सतीश म्हणायचा, "बंद झालं, बाबा. चाललं नाय ते." म्हातारा हट्टाने म्हणायचा, "चाललं होतं रे. मी सोता मारलं होतं ना." त्याचं कोण ऐकतो? औषध गुणाचं होतं हे सतीशनेही ओळखलं असेल, पण खात्रीने ठाऊक असलेलं माणूस जगात एकच होतं. अंगड्याच्या वाफ्यात चिमाबाईने एकदाही बोट लावलं नव्हतं, आणि तिथं अळी नव्हती.

पुढे तिची कंबर धरायला लागली. दुसऱ्या वर्षी थंडीत ती एका पहाटे पल्लवीला बरोबर घेऊन गेली. सुनेला काही विचारू दिलं नाही. वाफ्यात नेलं, मान टाकलेला शेंडा कसा ओळखायचा, नख कुठं लावायचं, अळी पिशवीत कशी टाकायची आणि पिशवी कोणाला दिसू द्यायची नाही, सगळं शिकवलं. पोरगी हुशार. सासूपेक्षा तिचा हात लवकर बसला. पलीकडे बांधावरून बाळाराम धोंडीबाईच्या मळ्याकडे चालला होता, पाठीवर पंप, दर चार पावलांना खोकत. खोकला आला की थांबायचा, तोंडावरचा टॉवेल खाली करून श्वास घ्यायचा आणि पुन्हा चालायला लागायचा.

पल्लवी हातातलं काम सोडून त्याच्याकडे बघत राहिली. "आई, बाबा ह्या वयात अजून पंप मारतात. दुसरं काय औषध नाय का निघालं, असलं झोंबणारं नसेल असं?"

"निघालं होतं गो," चिमाबाई म्हणाली. "लय गुणाचं होतं."

"मग?"

"मग तुजं लगीन झालं," चिमाबाई म्हणाली, आणि पुढच्या झाडाकडे सरकली.